भिवापूरच्या सातऱ्यातली दुपार

देव आहे की नाही, असा प्रश्न मला कधी पडला नाही. पण आयुष्यात एक काळ असा आला की नाम मला सोडून गेलं. ओठ हलायचे, माळ पुढे सरकायची, आणि आत मात्र रिकाम्या घरात असावी तशी शांतता. ज्याच्यासाठी सगळं सोडून आले तोच आता ऐकत नाही, असं वाटायचं. त्या दिवसांबद्दल आजवर मी कोणाशी बोलले नाही. आता वय झालं आहे, दुखावण्यासारखं कोणी उरलं नाही, म्हणून लिहिते.

वडील गेल्यावर काकांनी मला आमच्या मार्गाच्या, म्हणजे पंथाच्या, मठात ठेवलं. शहरातल्या इतवारीच्या भांडेबाजारामागच्या एका बोळात तो मठ होता. बाहेर दिवसभर पितळेवर हातोडे पडायचे आणि आत आम्ही बिनकाठाच्या पांढऱ्या साडीतल्या बाया खाली मान घालून कामं करायचो. मी खरं तर खुशीनं गेले होते. लग्नाचा विषय निघाला की मी उठून परसात जायची, आणि मठात लग्न नव्हतं. देवाचं करायला मिळत होतं. मला वाटलं, आपली जागा हीच.

मठाचे नियम कडक होते. बाहेरचं खायचं नाही, दुसऱ्या देवळात जायचं नाही, आलेलं पत्र आधी आईसाहेब वाचणार. आईसाहेब म्हणजे मठाच्या मुख्य. दर एकादशीला त्यांच्यासमोर बसून पंधरवड्यात मनात जे आलं ते सगळं सांगायचं, त्याला निवेदन म्हणत. काही लपवलं तर ते देवापासून लपवलं, असं आम्हाला शिकवलं होतं. आणखी एक नियम होता. दोन बायांची जोडी जमू द्यायची नाही. आज पंगतीत जिच्याशेजारी बसलो तिच्याशेजारी उद्या बसायचं नाही. हा नियम कशासाठी, ते कोणी सांगत नसे.

जात्यावर मात्र दोघी लागत. नैवेद्याचं पीठ घरीच दळायचं, आणि माझ्यासमोर कुसुम बसायची. काटोलकडची, माझ्याच वयाची. एकाच खुंट्यावर दोघींचे हात. ती फार हसायची, पदर तोंडात कोंबून हसायची. हळूहळू मला कळलं की मी पहाटेची वाट पाहते ती पूजेसाठी नाही, जात्यासाठी. बायको नवऱ्याची वाट पाहते म्हणतात, तशी मी तिची पाहत होते. असं एका बाईला दुसऱ्या बाईबद्दल वाटू शकतं हे मी कुठे ऐकलेलं नव्हतं. त्याला शब्दही माझ्याकडे नव्हता. तिलाही तसंच वाटत होतं. एकदा पीठ भरताना तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. आमच्यात बोलणं म्हणून झालं ते एवढंच.

पुढच्या एकादशीनंतर कुसुम जात्यावर आली नाही. थोड्याच दिवसांत तिचं लग्न लावून दिल्याचं कानावर आलं. कुठे दिलं, ते मला सांगायचं नाही असा हुकूम होता. मला आईसाहेबांनी बोलावलं. त्या ओरडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या मनात घाण शिरली आहे. ती निघेपर्यंत तू मौनात राहा." पंगतीत माझं पान बाजूला मांडू लागले. इतक्या बाया भोवती असून माझ्या वाट्याला कोणाची नजरसुद्धा येईना. ज्या बाईनं मला पहिल्या दिवशी साडी नेसायला शिकवली ती मी दिसले की वाट बदलायची. नाम गेलं ते याच दिवसांत. विहिरीवर पाणी शेंदायला गेले की मी गरजेपेक्षा जास्त वेळ वाकून उभी राहायची. त्याहून जास्त सांगवत नाही.

दरवर्षी माघात मठाची वर्षाची मिरची भिवापूरहून यायची. ती निवडायला जाणारी बाई त्या वर्षी आजारी होती. मला मिरचीची पारख होती, आणि मौनातली बाई बाहेर कोणाशी बोलणार नाही, म्हणून मला पाठवायचं ठरलं. बाजारात मिरची घ्यायची आणि गावात कोणाच्या घरी न जाता परतायचं, असं बजावलं होतं. सोबत मठाचे कारभारी माधवभाऊ, माझ्या आजोबांच्या वयाचे. इतवारीहून सुटणाऱ्या छोट्या गाडीनं आम्ही निघालो. उमरेड येईपर्यंत भाऊंना थंडी भरली. भिवापूरला उतरलो तेव्हा ते तापानं फणफणले होते आणि त्यांना धड उभं राहवत नव्हतं. मी बोलू शकत नव्हते. फलाटाच्या कडेला त्यांना टेकून बसवलं आणि मनात म्हटलं, आता तूच बघ. तेही सवयीनं. कोणी ऐकत असेल असं वाटून नव्हे.

एक बंडीवाला, म्हणजे बैलगाडीवाला, आमच्याकडे बघत होता. माझी साडी आणि भाऊंचं गंध पाहून जवळ आला. "तुमच्या मार्गाचं एक घर आहे ना गावात. चाला, सोडून देतो. म्हाताऱ्याले इथं कुठं ठेवता?" त्यानंच भाऊंना उचलून बंडीत घातलं. घर गावाच्या टोकाला होतं. शेजारी त्यांचा सातरा, म्हणजे मिरची वाळवायचं आणि देठ खुडायचं मोठं आवार. नजर जाईल तिथवर लाल. दारात पाय धुवायला पाणी घेऊन जी बाहेर आली ती कुसुम होती.

तिनं तांब्यातलं पाणी माझ्या पायांऐवजी स्वतःच्याच पायांवर ओतलं. मागून तिची सासू आली. उंच, काळीसावळी, कपाळाला आठ्या असलेली बाई. ती आळीपाळीनं आम्हा दोघींकडे बघत राहिली. आता ही बोलणार, आता मठात कळणार.

"ही बाई मुकी आहे का वं?" तिनं कुसुमला विचारलं.

"नाही जी. मौनात आहे," माझं ओठांवरचं बोट बघून ती म्हणाली.

सासूनं मुलाला, म्हणजे कुसुमच्या नवऱ्याला, हाक मारून घरची बंडी जुंपायला लावली आणि भाऊंना डॉक्टरकडे घेऊन जायला सांगितलं. ते गेल्यावर तिनं आम्हाला सातऱ्यात नेलं. एका ढिगापाशी पोतं अंथरलं. "बसा दोघी इथं. देठ खुडा. मी तिकडं बसतो. मले कानानं ऐकू येत नाही, काही लागलं तर हात करजा." आणि थोड्या अंतरावर आमच्याकडे पाठ करून ती कामाला लागली.

माझ्यासमोर खुडलेल्या देठांचा लहानसा ढीग झाला. मग मी मौन मोडलं. इतक्या महिन्यांत पहिला शब्द तोंडून निघाला तो तिचं नाव.

कुसुम खाली बघत म्हणाली, "मीच सांगतलं आईसाहेबाले. मले वाटलं, चांगली गोष्ट आहे. नाम घेते तं तुझा चेहरा समोर येते, असं सांगतलं. त्यात पाप काय होतं, मले अजून समजलं नाही."

मी तिला विचारलं, नवरा कसा आहे. "मारत नाही. मानूस वाईट नाही. पन रात झाली का मी मेल्यावानी पडून राह्यते." मग हळूच म्हणाली, "मले दिवस गेले आहेत."

तरी मी म्हटलंच. "कुसुम, चल. आपण कुठेतरी जाऊ." ती हसली, पण पदर तोंडात न घेता. "कुठं जाशील वं दोघी बाया? कोन ठेवीन आपल्याले?" मी म्हटलं, माझं नाम गेलं. आत कोणी नाही. तेव्हा तिनं पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. "माहं नाही गेलं. इथं बसून घेते मी. एकडाव माह्या वाटचं, एकडाव तुह्या वाटचं. तू नको भिऊ. पन तिथं राहू नको. मरशील."

मला हुंदका आवरेना. तिलाही. हात तिखटानं भरलेले, डोळे पुसता येत नव्हते, म्हणून पाणी तसंच गळत होतं. तेवढ्यात सासू उठून आली. आम्ही दोघी घाबरून पुन्हा देठ खुडू लागलो. तिनं आपला पदर घेतला, आधी सुनेचं तोंड पुसलं, मग माझं. "डोळ्याले हात लावू नका, आग होते," ती म्हणाली. "मिरचीत बसलं का बायांच्या डोळ्याले पानी येतेच. कोनी काही इचारत नाही." आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन पाठ करून बसली.

उन्हं उतरली तेव्हा तीच पहिल्यांदा म्हणाली, "बंडी आली, वं. तोंड धुऊन घ्या." मी कान दिला. मला काहीच ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळानं, रस्त्याच्या पार टोकाला, बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

निघताना मी त्या माउलीच्या पाया पडले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, एवढंच. तिला काय कळलं, किती कळलं, ते मला माहीत नाही. कुसुम दारात उभी होती. त्यानंतर ती मला दिसली नाही. तिला मुलगी झाल्याचं पुढे कोणाकडून तरी कळलं.

परतीच्या गाडीत त्या सातऱ्यातल्या मिरचीची पोती पायाशी होती आणि भाऊ झोपले होते. मी खिडकीशी बसले होते आणि अचानक लक्षात आलं, नाम चाललं आहे. मी सुरू केलेलं नव्हतं. आपलं आपण चाललं होतं. त्याला चमत्कार म्हणावं का, ते मला ठरवता येत नाही.

पुढच्या एकादशीला मी आईसाहेबांसमोर बसले आणि म्हटलं, "या वेळी सांगण्यासारखं काही नाही." मौन कसं मोडलं, हे त्यांनी विचारलं नाही. मी खोटं बोलत होते का? मला तसं वाटलं नाही. जे सांगायचं ते ज्याला सांगायचं त्याला सांगून झालं होतं. पावसाळ्याआधी मी मठ सोडला. काकांनी दार उघडलं नाही. मार्गातली माणसं इतवारीत समोरून आली तर आजही तोंड फिरवतात. सदर भागातल्या एका मुलींच्या वसतिगृहात मला स्वयंपाकाचं काम मिळालं, तिथेच एक खोली मिळाली, आणि आयुष्य गेलं.

एकटेपण गेलं असं मी लिहिणार नाही. दिवाळीला वसतिगृह रिकामं होतं, तेव्हा स्वतःपुरता स्वयंपाक करताना हात थबकतो. आजारी पडले तर उशाशी कोणी नसतं. माझ्यासारख्या आणखी बाया या शहरात असतील, पण त्या मला भेटल्या नाहीत, मीही शोधलं नाही. मात्र एक गोष्ट उशिरा का होईना समजली. मी शरण आले होते ती देवाला. मधे उभ्या राहिलेल्या माणसांनी ते शरण येणं आपल्या हाती घेतलं, आणि मी ते त्यांना घेऊ दिलं, कारण मला फरक कळत नव्हता. शरण जाणं म्हणजे स्वतःला खरडून पुसून टाकणं, असं मला शिकवलं होतं. आता पहाटे उठते, दिवा लावते, आणि जशी आहे तशी त्याच्यासमोर बसते. काही लपवावं लागत नाही, काही कबूल करावं लागत नाही. तो काही बोलत नाही. मी उठेपर्यंत तो बसून असतो, एवढं मला कळतं, आणि तेवढं मला पुरलं आहे.