छताला न पाडलेली भोके

पो-युआनची बोटे डोळ्यांसमोरून हलत नाहीत. गेली ती नव्हेत, उरली आहेत ती. संध्याकाळी युन-चेनने, माझ्या लेकीने, फोनवर सहज सांगितले, "आई, त्यानं आजपासून करवत पुन्हा सुरू केली." मागून पात्याचा आवाज येतच होता. मी विचारले, "आणि झाकण?" ती म्हणाली, "खोक्यातच आहे गं अजून."

तेव्हापासून मी जेवणाच्या टेबलापाशी बसून आहे.

पो-युआन माझा जावई. फंगयुआनला त्यांचे तीन पिढ्यांचे दुकान आहे, घरच्या देवांसाठी उंच लाकडी टेबले करतात. खाली कारखाना, वर संसार. त्याच्या वडिलांच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता. रुंद फळी सरकवताना आडवे येते म्हणून करवतीचे मूळ झाकण त्यांनीच काढून टाकले होते. पो-युआन त्या उघड्या पात्याशेजारी लहानाचा मोठा झाला. इंजिनियरिंगला होता. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा शिक्षण सोडून परत आला आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. 'नाही' म्हणणे या माणसाला येतच नाही. गिऱ्हाइकाने सांगितले की देव बसवायचा मुहूर्त अमुक दिवसाचा आहे, की हा हो म्हणणार आणि मग रात्री जागवणार.

युन-चेनला दिवस गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःहून काही ठरवले. वर वाळत घातलेल्या इवल्याशा झबल्यांवर लाकडाचा लाल भुसा बसलेला त्याने पाहिला होता. मला कॅलेंडरच्या पानामागे चित्र काढून दाखवले: पात्यावर छतापासून लटकणारे पारदर्शक झाकण, झाकणातच धूळ ओढणारी नळी, ती भिंतीतून मागच्या गल्लीतल्या यंत्राला. पात्यामागे एक पोलादी पट्टी, म्हणजे चिरलेले लाकूड पात्याला आवळून उलटे फेकले जायला नको.

"आई, बाळ येईल तेव्हा खाली फुंकर मारली तरी धूळ उडणार नाही," तो म्हणाला. इतका खूश मी त्याला लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

खोके आले. बसवणारा माणूस ड्रिल घेऊन शिडीवर चढला, आणि माझ्या विहीणबाई पंचांग हातात घेऊनच जिना उतरल्या.

"कुठं भोक पाडतोयस रे?"

"छताला, मावशी. झाकणाचं वजन आहे, दणकट बोल्ट लागतात."

"छताच्या वर काय आहे ठाऊक आहे? माझ्या सुनेचा पलंग! आणि गर्भदेव आज पलंगापाशी बसलाय. उतर खाली."

गर्भदेव म्हणजे पोटातल्या बाळाचा राखणदार. त्याला धक्का लागेल म्हणून घरात पोटुशी बाई असताना खिळा ठोकू नये, कात्री चालवू नये, भोक पाडू नये, जड वस्तू हलवू नये. बाळाचा ओठ फाटतो. हे त्या माणसालाही ठाऊक होते. त्याने ड्रिल पिशवीत घातले आणि निघून गेला.

मी दुसऱ्या दिवशी गेले. "विहीणबाई, दिवसभर खाली करवत किंचाळते, ती चालते का देवाला?"

"करवत रोजची आहे. देवाला तिची सवय आहे. भोक नवं."

"आणि ही धूळ?"

"ह्याच धुळीत तीन वाढवले मी. तुम्हा शिकलेल्या बायकांचं एकच, तेही कापसात गुंडाळून."

"मग बाळ येईपर्यंत करवत तरी बंद ठेवा."

"आणि खायचं काय? तुम्ही शाळेत शिकवता ते रसायनशास्त्र?"

मी जावयाकडे पाहिले. तो खाली मान घालून भुसा झाडत होता. "बाळ झाल्यावर लावू, आई," तो म्हणाला. आई कुणाला म्हणाला, तिला की मला, कळले नाही. दोघींना एकदमच म्हणाला असावा.

मग ते झाले. एक बारीक पट्टी चिरताना पात्यात आवळली, उसळून मागे आली आणि हात पुढे ओढला गेला. डाव्या हाताची दोन बोटे मधल्या पेरापासून गेली. जखम भरावी म्हणून मी इस्पितळात माशाचे सूप घेऊन गेले. विहीणबाई बाहेर बाकावर रडत होत्या. मला वाटले, आता तरी डोळे उघडले.

"करवतीवरच्या पाकिटाची तारीख उलटून गेली होती हो," त्या म्हणाल्या. "माझंच लक्ष नव्हतं."

यंत्राने नीट वागावे म्हणून त्यावर खाऊचे हिरवे पाकीट ठेवतात, त्या पाकिटाची. मला ओरडावेसे वाटले. पण पो-युआन बँडेज बांधलेला हात सावरत बाहेर आला आणि दुसऱ्या हाताने आईची पाठ थोपटू लागला. "तुझं काही चुकलं नाही," तो तिला म्हणाला. त्याची समजूत घालायला तिथे कुणी नव्हते.

मी यातले काही मानत नाही. तरी युन-चेन पोटात असताना मीही घरात खिळा ठोकू दिला नव्हता. आणि विहीणबाईंचा थोरला मुलगा फाटक्या ओठाने जन्मला होता. आता तो टाके झाकायला मिशी ठेवतो. तेव्हा त्यांच्या सासूने बाळाकडे पाहण्याआधी त्यांनाच विचारले होते, "तू कात्री कुठं चालवलीस?" बाई अजून त्याच प्रश्नाचे उत्तर देत बसली आहे, आणि त्यापायी दुसऱ्या लेकाचा हात चालला आहे.

पो-युआनशी बोलण्यात अर्थ नाही. तो मला हो म्हणेल आणि तिलाही हो म्हणेल, आणि उद्या उरलेल्या बोटांनी पुन्हा फळी सरकवेल.

विहीणबाई पहाटे उदबत्ती लावायला उठतात. तेव्हाच फोन लावून सांगणार आहे: लेकीला मी माझ्याकडे घेऊन येते. तुम्ही नवा झाडू घ्या, छत झाडा, गर्भदेवाला जरा बाजूला सरक म्हणून सांगा. जुन्या बायकाही एवढी सवलत देत. त्यावरही जर बाळाच्या ओठाला, कानाला, कशालाही काही झाले, तर साऱ्या फंगयुआनला माझे नाव सांगा. त्या शिकलेल्या बाईने पाडायला लावली म्हणा.

त्यांना भोकांची भीती नाही, दोषाची आहे. तो मी घेते.

भोके माझ्या नावावर पाडा, एवढेच सांगायचे आहे.