सिपोरामावशींनी न सांगितलेली चूक

"ज्याची चूक सांगता येत नाही, तो माणूस आपल्याला कळलेलाच नाही," असं सिपोरामावशी एकदा म्हणाल्या होत्या. विषय हर्झलचा होता. आम्ही तेव्हा नागोयात नवे होतो आणि हर्झल कोण हेच आमच्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चिकुसा भागातल्या सार्वजनिक सभागृहातली एक तातामीची, म्हणजे गवती चटया अंथरलेली, खोली आम्ही घ्यायचो. बूट दाराबाहेर, बसायला उशा, थर्मासमध्ये चहा. कचरा ज्याचा त्याने घरी न्यायचा आणि पाचला किल्ली परत करायची. मोटारींच्या कारखान्यांत पुण्याहून आलेले इंजिनिअर, विद्यापीठातले दोघे-तिघे संशोधक, त्यांच्या बायका आणि मुलं. या सगळ्यांत वयाने मोठ्या म्हणजे सिपोरा झिराडकर, सत्तरीच्या, नागोयात चाळीस वर्षांहून जास्त काढलेल्या. घर मूळचं ठाण्याचं, बेने इस्रायली, म्हणजे कोकणात पिढ्यान्पिढ्या राहून मराठीच बोलत आलेल्या ज्यूंचं. त्या दर वेळी ज्यूंच्या एका पुढाऱ्याची किंवा विचारवंताची गोष्ट सांगायच्या. शेवटी चष्मा काढून मांडीवर ठेवायच्या आणि विचारायच्या, "आता चूक?"

ज्यूंना स्वतःचा देश हवा म्हणून चळवळ उभारणाऱ्या हर्झलची चूक आफ्रिकेतल्या जमिनीची. आपल्या लोकांचे हाल बघवेनात, म्हणून इंग्रजांनी देऊ केलेली ती जमीन त्याने भर परिषदेत मांडली आणि रशियातून आलेले प्रतिनिधी उठून गेले. "ज्यांच्यासाठी घर शोधत होता, त्यांनाच विचारलं नव्हतं," मावशी म्हणाल्या. अहाद हाअमची चूक वेगळी. आधी मनं तयार करा, संस्कृती उभी करा, देश मागून येईल, असं तो सांगायचा. "लोकांकडे वेळ आहे असं त्याला वाटलं. वेळ नव्हता." ओडेसाचे डॉक्टर पिन्स्कर निम्मं आयुष्य समजत होते की शिकलो-सवरलो की शेजारी आपल्याला आपलं म्हणतील.

"मावशी, हे तर आमच्या प्लँटमधलं हानसेई झालं," मोहन म्हणाला. तो गिअरबॉक्सच्या लाइनवर होता. "गाडी चांगली निघाली तरी खाली मान घालून चुका शोधत बसायचं."

"तुमच्या गाड्या परत बोलावता येतात रे. देश कुठे परत बोलावणार?"

ही पद्धत त्यांच्या पप्पांची. एलियाझर झिराडकर रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कारकून होते. ठाण्याच्या दोन खोल्यांत एका भिंतीवर आठ चित्रं होती, कॅलेंडरांतून आणि मासिकांतून कापून काचेत बसवलेली. शनिवारी शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, संपला, आकाशात तीन चांदण्या दिसल्या, की मुलांना भिंतीसमोर उभं करायचे. थोरवी सांगायची नाही. ती छापलेली आहेच, पप्पा म्हणायचे, तुम्ही चूक सांगा. बरोबर सांगितली तर नारळाच्या दुधातल्या गव्हाच्या चिकाच्या हलव्याची मोठी वडी. मावशी हे सांगताना अजून बोटं चाटल्यासारखी करत. त्या भिंतीला उन्हाळ्यात पोपडे येत आणि दर वर्षी चुना लावताना आठही चित्रं गादीवर उताणी ठेवलेली असत. "पाहुणे आलेत आणि झोपलेत असं वाटायचं," त्या म्हणत.

पप्पा स्वतः पन्नास साली इस्रायलला गेले होते, नव्या नवरीला घेऊन. तीन वर्षांच्या आत परत आले. का आलात, असं विचारलं की म्हणायचे, "हवा मानवली नाही." यापुढे एक शब्द नाही. चित्रं मात्र भिंतीवरच राहिली. पुढे भावंडं एकेक करून तिकडेच गेली. घरात मोकळ्या खुंट्या वाढत गेल्या.

आठांपैकी एका चित्राची चूक पप्पा विचारत नसत. तो बेन येहुदा. पोथ्यांत पडून असलेली हिब्रू भाषा ज्याने पुन्हा चुलीपाशी आणून बोलायला लावली, तो. "यांची नाही," म्हणायचे आणि पुढच्या चित्राकडे वळायचे. भाषेपायी माणूस एवढा झिजला, त्याची काय चूक काढायची? मावशींनी ते तसंच धरून ठेवलं.

त्या मुंबईत नर्स होत्या. ठाण्याच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला तादाशी नावाचा जपानी माणूस काविळीने त्यांच्या वॉर्डात तीन आठवडे पडून होता. 'पाणी', 'दुखतंय' आणि 'नको' एवढं मराठी तो तिथे शिकला. "लग्नाला तेवढं पुरलं," मावशी म्हणत आणि आम्ही हसायचो. त्र्याऐंशीत त्या नागोयात आल्या. दोन वर्षांनी अनघा झाली. आणि मावशींनी घराला नियम घातला: उंबऱ्याच्या आत फक्त मराठी. टीव्ही नाही. सासूबाई आल्या तर अंगणात बोलायचं. तादाशीसुद्धा कामावरून आला की बुटांबरोबर जपानी बाहेर काढून ठेवायचा.

अनघा आता चाळीस वर्षांची आहे, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. आईचं मराठी तिला शब्दन् शब्द कळतं. उत्तर ती जपानीतच देते, सोळाव्या वर्षापासून. वडील गेले तेव्हासुद्धा तिने ते मोडलं नाही. तिची मुलगी रेन पाच वर्षांची झाली तरी अनघाने तिला आजीकडे एकटं कधी सोडलं नव्हतं. मावशी भेटायला जात, तेव्हा अनघा समोर बसून असे. मावशींनी गेल्या वर्षभरात एवढंच मागितलं होतं: महिन्यातला एक रविवार, रेन आणि मी, दोघीच पार्कमध्ये. या एप्रिलमध्ये अनघाने कळवलं, आधी मी येऊन बघते, तू लोकांना काय शिकवतेस ते. मग सांगते.

त्या रविवारी क्रमाने बेन येहुदाच येणार होता. मावशींना हवं असतं तर माणूस बदलता आला असता. मी तसं सुचवलंही. "यादी पप्पांची आहे," त्या म्हणाल्या.

अनघा आली, दाराजवळच्या उशीवर बसली, रेनला शेजारी बसवलं. रेनने सगळ्यांना वाकून 'कोन्निचिवा' केलं आणि मावशींकडे बघून हात हलवला. मावशींनी गोष्ट सुरू केली. क्षयाने खोकणारा तरुण, जेरुसलेमची खोली, बोटीवरच बायकोला सांगितलेलं की यापुढे आपण एकच भाषा बोलायची. खोकत खोकत रचलेला शब्दकोश.

विभाला राहवलं नाही. ती आणि अद्वैत दोघेही संशोधक, त्यांचा मुलगा दोन वर्षांचा, तिच्या मांडीवर झोपलेला. "मावशी, म्हणजे आम्हीही घरात फक्त मराठीच ठेवायचं ना? पाळणाघरातल्या बाई सांगतात, थोडं जपानी बोला त्याच्याशी. हा ऐकत नाही."

"मी नाही ऐकत? परवा याला 'मोशी मोशी' कोणी शिकवलं?" अद्वैत म्हणाला.

"ते फोन उचलायला!"

सगळे हसले. या प्रश्नाचं मावशींचं उत्तर आम्हा सगळ्यांना पाठ होतं. दहा वर्षांत कितीतरी आईबापांना त्यांनी तेच दिलं होतं: एक घर, एक भाषा, मुलं रडतात आणि शिकतात. त्यांनी चष्मा काढला. अनघाकडे बघितलं नाही.

"आता चूक," त्या म्हणाल्या.

मोहन हळूच म्हणाला, "पण यांची तर नाही ना, मावशी? तुमचे पप्पा..."

"पप्पांनी सांगितली नाही. मला नर्सिंगला असताना वाचायला मिळाली, मीही सांगितली नाही." त्या पाणी प्यायल्या. "त्याचा थोरला मुलगा. हिब्रूशिवाय दुसरा शब्द कानावर पडू नये म्हणून त्याला कोणात मिसळू दिलं नाही. गावात तसं बोलणारं दुसरं मूल नव्हतं. सांगतात की चार वर्षांचा होईपर्यंत तो बोललाच नाही. एकदा त्याची आई त्याला निजवताना तिच्या माहेरच्या भाषेत, रशियनमध्ये, गात होती. बाप आत आला आणि चिडून त्याने टेबल फोडलं. मुलाने ते बघितलं."

विभाने झोपलेल्या मुलाच्या पाठीवरचा हात काढला नाही.

"मी टेबल फोडलं नाही," मावशी म्हणाल्या. "अनघा चार वर्षांची. ताप आलेला, दुपारची वेळ. मी बाजारातून आले तर तादाशी तिला मांडीवर घेऊन जपानीत गात होता. हळू, मला ऐकू येऊ नये म्हणून. मी पिशवी खाली ठेवली आणि पोरीला त्याच्या मांडीवरून उचलून घेतलं. त्यानंतर तो घरात कधी गायला नाही." त्या थांबल्या. "बालवाडीत हिला पाणी मागता यायचं नाही. बाईंनी दोनदा चिठ्ठी पाठवली. मी म्हटलं, शिकेल. हे मी तुम्हा कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारत होतात आणि मी सल्ले देत होते. विभा, पोराशी बोल. जे येईल ते बोल."

बाहेर पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टूं टूं आवाज येत राहिला.

मग अनघा बोलली, जपानीत. तिचा आवाज फार्मसीत गोळ्यांचे डोस समजावतात तसा सपाट होता. "पाणी मागता येत नव्हतं, ते तुला माहीत होतं?"

"होतं," मावशी म्हणाल्या.

"मला वाटायचं, माहीत नसेल." अनघाने रेनच्या फ्रॉकची सुटलेली गुंडी लावली. बराच वेळ लावला त्या गुंडीला. "तू रेनला पार्कमध्ये घेऊन जाणार होतीस ना. जा आता. मी इथे थांबते, उशा आवरते."

"तिला एकटीला, माझ्याबरोबर?" मावशींनी विचारलं.

"रेनला विचार."

रेन तोवर उठून मावशींजवळ गेली होती. तिला बसून कंटाळा आला होता. ती जपानीत विचारू लागली: तिथे घसरगुंडी आहे का, बदकं आहेत का, कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानात आइस्क्रीम घेऊ का. एकामागून एक, उत्तराची वाट न बघता. मावशींनी तोंड उघडलं. आम्ही सगळे बघत होतो, आता कुठल्या भाषेत बोलतात. अनघाही उशी हातात धरून बघत होती.

मावशींनी तोंड मिटलं. तीन वेळा मान हलवली, घसरगुंडीला, बदकांना, आइस्क्रीमला. मग दारात वाकून आधी रेनचे बूट सरळ करून ठेवले, नंतर स्वतःचे पायात घातले, तिचं बोट धरलं आणि काही न बोलता बाहेर गेल्या.