जोडलेली स्टिक

काल मी खेळाच्या दुकानात होतो, तेव्हा एक वयस्कर गृहस्थ मोडलेली हॉकी स्टिक घेऊन आले.

"काका, ही जोडून उपयोग नाही," दुकानदार म्हणाला. "पहिल्याच फटक्याला पुन्हा मोडेल. नवी घ्या."

मला ते पटलं. आमच्या तालुक्याच्या शाळेत सरांनी सरस लावून, सुतळी आवळून जोडलेल्या स्टिकच आमच्या वाट्याला यायच्या. चेंडू मारला की कोपरापर्यंत झिणझिण्या जायच्या. पण त्या होत्या म्हणूनच आम्ही खेळलो.

"खेळायला नकोय," गृहस्थ म्हणाले. "लेकीची आहे. जोडून आणतो म्हणालो होतो तिला. आज-उद्या करत राहून गेलं. मागच्या महिन्यात ती गेली."

दुकानदाराने स्टिक हातात घेतली. जोडताना मुठीवरची जुनी पट्टी काढून नवी गुंडाळायची रीत असते. सवयीने त्याने पट्टीच्या टोकाला नख लावलं, तसा गृहस्थांनी त्याचा हात धरला.

"ती नका काढू. तिच्या बोटांनी झिजलीय."

मोडलेलं जोडणं परवडतं का, हे आपण वस्तू पुन्हा वापरायची असं धरूनच ठरवतो.

दुकानदाराने स्टिक खालच्या टोकाला धरून अलगद आत नेली. मुठीला मात्र त्याने हात लावला नाही.