काचेखालचं तारापूर

मेजर अंतर कधी किलोमीटरमध्ये सांगायचे नाहीत. वाणगावहून चारोटी किती लांब, असं कुणी विचारलं की डोळे मिटून म्हणायचे, “पाच घरं. पावसाळ्यात सात धरा.” विचारणारा माणूस त्यांच्याकडे पाहत पाहत दुसऱ्याला विचारायला जायचा.

मेजर फौजेत कधीच नव्हते. एका सरकारी कचेरीत कालव्यांचे नकाशे काढून निवृत्त झाले आणि डहाणूत राहिले. त्यांची फौज पुठ्ठ्याची. तरुणपणी मुंबईतल्या रद्दीवाल्याकडे त्यांना एक परदेशी खेळ सापडला होता. षटकोनी घरं आखलेला नकाशा, त्यावर दोन सैन्यं, खेळणारे दोघं. निम्म्या सोंगट्या गहाळ होत्या. त्या मेजरांनी चिकूच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून कापल्या आणि हात बसल्यावर आपल्याच किनाऱ्याची मोहीम रचली. मराठे विरुद्ध फिरंगी. वसईपासून डहाणूपर्यंत सगळे किल्ले, खाड्या, डोंगर, आणि प्रत्येक घर चार किलोमीटरचं.

तलासरीला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. कोऱ्या घरांचा कागद घेऊन ते तिथे आले, तेव्हा मी विचारलं, “काका, बाथरूमची फरशी का?”

“युद्ध आहे,” ते म्हणाले. “वीस प्रती काढा. आणि रविवारी काय करता?”

रविवारी मी काहीच करत नसे. त्यामुळे पुढची नऊ वर्षं मी फिरंगी झालो. मला कायम तीच बाजू. का, तर “मराठ्यांना घाई परवडत नाही, आणि तू घाईशिवाय दुसरं काय करतोस?” पहिल्याच डावात मी अख्खं सैन्य अशेरीच्या डोंगरात घुसवलं आणि विजयी मुद्रेने चहा मागितला. मेजरांनी मागची वाट एका सोंगटीने बंद केली. “फिरंग्या, रसद कुठून येणार?” माझं सैन्य डोंगरात उपाशी मेलं. मी चहा प्यायलो.

रसदीचा तो प्रश्न त्यांनी मला शेवटपर्यंत विचारला. दुसरं मशीन घेतलं, तेव्हा. लग्न ठरल्याचा पेढा दिला, तेव्हाही. पेढा हातात धरून म्हणाले, “आणि रसद?”

नियम मात्र एकच कडक. हात सुटला, चाल झाली. एकदा शिंक येऊन त्यांच्याच घोडदळाची सोंगटी समुद्रात पडली. मी उचलायला गेलो, तर म्हणाले, “राहू दे. हात सुटला.” दोनशे घोडे शिंकेपायी बुडाले. फाशाशी मात्र लाडीगोडी चालायची आणि तीही गुजरातीत. “आवी जा, बेटा, छ आवी जा.” मराठीत सांगितलं तर ऐकत नाही म्हणे.

डाव एका रविवारात संपत नसे. मेजरांच्या घरी काकी त्यावर काच ठेवायच्या, म्हणजे पुढच्या रविवारपर्यंत कोणी हलू नये.

शेवटच्या डावात मी पहिल्यांदा जिंकायला आलो होतो. तारापूर माझ्याकडे, वेढा मेजरांचा. माझी कुमक किल्ल्यापासून एक घर लांब थांबली होती. ती पोचली तर रसद चालू, नाहीतर किल्ला पडणार. मेजर औषध घ्यायला आत गेले आणि मी सोंगटी एक घर पुढे सरकवली. चाळिशीतला, दोन मुलांचा बाप. बाहेर आल्यावर मेजर नकाशाकडे जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “आज इथेच थांबू. दम लागतोय.”

मला वाटलं, पकडला गेलो. पुढच्या रविवारी मी गेलोच नाही. फोन आला, “फिरंग्या, काच पुसून ठेवलीय.” मी म्हणालो, दाखल्यांची गर्दी आहे. “रविवारी?” “रविवारी तर जास्तच.” त्याच्या पुढच्या रविवारी मशीन बिघडवलं. तिसऱ्या रविवारी मेव्हणा आजारी पाडला. दम लागतोय, हे वाक्य मी माझी लाज झाकायच्या नादात ऐकलंच नव्हतं. चौथ्या रविवारआधी मेजर गेले.

तेराव्यानंतर काकींनी मला आतल्या खोलीत नेलं. डाव तसाच होता.

“तुझ्या खुर्चीत मला बसवायचे रे,” त्या म्हणाल्या. “तीन रविवार. मी म्हटलं, अहो, मला यातलं काय कळतंय, मीच हलवते एक सोंगटी. तर म्हणाले, नको. त्याची आहे, तो येऊन हलवेल.”

मी विचारलं, “काकी, ते माझ्याबद्दल काही बोलले?”

“लबाड आहे म्हणाले.” काकी काचेवरची धूळ पदराने पुसत होत्या. “मी म्हटलं, मग बोलावता कशाला? तर म्हणाले, अगं, खेळायला दुसरं कोण येतं? एक घर काय, दोन घेऊ दे. पण येऊ दे.”

मग त्या चहा ठेवायला गेल्या. मी काच उचलली. माझी कुमक मी आणून ठेवली होती तिथेच उभी होती, तारापुराला चिकटून. मी ती उचलली आणि एक घर मागे ठेवली, जिथली होती तिथे. आता किल्ला पडणार होता.

काकींनी आतून विचारलं, साखर किती घालू. सोंगटीवरचा हात काही सुटत नव्हता.