मामांची टिंचरची बाटली

माझ्या बायकोच्या मामांनी मला फसवलं. आंब्याच्या धंद्यात मी भल्याभल्या दलालांना घाम फोडला, बोटीच्या कारकुनांना नमवलं; पण उभ्या रत्नागिरीत मला गंडवून गेलेला माणूस हा एकच, आणि तोही दुसऱ्यांच्या जखमा धुण्यापलीकडे कसलाही धंदा न केलेला!

मामा वीस वर्षं परदेशी जाणाऱ्या बोटीवर डॉक्टरच्या हाताखाली होते. नोकरी सुटली तसे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन ते गावी परतले. त्यात पट्ट्या, कापूस, कात्री, बांबूच्या कामट्या आणि टिंचरची तपकिरी बाटली. लोक लग्नाला आहेर घेऊन जातात, मामा तो डबा घेऊन जात. देवरूखला एका लग्नात नारळ फोडताना नवऱ्यामुलाच्या बोटाला जरासं लागलं. मामांनी त्याचा सबंध हात गुंडाळून गळ्यात अडकवला. मुलीकडच्यांनी तो पाहिला मात्र, "मुलगा लुळा आहे! आम्हाला फसवलं!" अशी एकच बोंब उठली. मी भर मांडवात पट्टी सोडून पाचही बोटं हलवून दाखवली, तेव्हा कुठे अंतरपाट धरला गेला. मामा मात्र हळहळले, "जावईबापू, एवढी देखणी पट्टी सोडलीत?"

जखमी माणूस कसा उचलावा हे माझ्या हमालांना शिकवायचं त्यांनी एकदा मनावर घेतलं. वखारीचं एक दार काढून मला त्यावर निजवलं. "मीच का?" मी ओरडलो. "तुम्ही आडवे असलात की निदान कुणाला शिव्या देत नाही," मामा म्हणाले. "डोळे मिटा." भर बाजारातून मला घरी नेलं. वरात दारात पोचेपर्यंत बायकोने हंबरडा फोडलेला, आणि शेजारचा व्यापारी डोळे पुसत तिला विचारतोय, "वहिनी, यंदा बागांचे करार कुणाच्या नावे करणार?" मी दारावर ताडकन उठून बसलो. तो जागच्या जागी कोसळला. मामांनी अत्यानंदाने डबा उघडला.

मुंबईहून परत आलेल्या पेट्या मोडून त्यांचे गंजके खिळे मी सरळ करून पुन्हा वापरतो. त्यातले चारदोन वखारीत पडलेले असायचेच. हमालांना ते लागले की जखमेत चुना-तंबाखू दाबायची रीत. मामा भडकत, "अरे मेल्या, जखम आहे ती, पानाचा विडा नाही!" मग ते उकळलेल्या पाण्याने जखम धूत आणि टिंचर लावत. "मामा आले, हात लपवा!" असं म्हणत पळणारे हमाल हळूहळू स्वतःच हात पुढे करू लागले. मला मात्र ते रोज बजावत, "ते खिळे उचला. तसल्या खिळ्याने धनुर्वात झालेला माणूस मी बोटीवर पाहिलाय." मी म्हणे, "हंगाम आटपू दे, मामा."

त्याच हंगामात त्यांनी मुंबईहून टिंचर मागवायला सांगितलं. "भाव चढा आहे, आठ दिवस थांबा," मी म्हणालो. दुसऱ्याच दिवशी पेटी ठोकताना हातोडा माझ्या अंगठ्यावर बसला. मामांनी बाटली पालथी करून शेवटच्या थेंबापर्यंत त्यावर ओतली. "संपली की काय?" मी विचारलं. "घरी दुसरी आहे," ते म्हणाले.

तीन-चार दिवसांनी ते लंगडताना दिसले. "वहाण चावली," म्हणाले. आठवड्याने त्यांचा जबडा उघडेना. डॉक्टरांनी तळपाय पाहिला. तिळाएवढं भोक होतं, खिळ्याचं. मी त्यांच्या घरी धावलो, डबा उघडला, फडताळ धुंडाळलं. कुठेही दुसरी बाटली नव्हती. खिडकीत एकच होती. स्वच्छ धुऊन पालथी ठेवलेली. मामा त्या धनुर्वातातून उठले नाहीत.

आता वखारीत एकही खिळा जमिनीवर दिसत नाही. टिंचर मी भाव न विचारता मागवतो, तेही दोन-दोन बाटल्या. मी डबा घेऊन निघालो की हमाल ओरडतात, "शेट आले, हात लपवा!"

पण मामा, तुमचा-माझा हिशेब मिटलेला नाही. माझा अंगठा नुसता ठेचला होता, साधं रक्तही धड आलं नव्हतं. आणि घरी दुसरी बाटली आहे असं तुम्ही माझ्या तोंडावर सांगितलंत. मी आयुष्यात कुणाचा शब्द पारखल्याशिवाय घेतला नाही, तुमचा तेवढा घेतला. का खोटं बोललात? मला उत्तर हवंय, मामा.