क्रिटेशसपर्यंत खोदलेली माझी विहीर

विहीर खोदताना काठावर दगड टाकत गेलं की ढीग आपोआप चढतो. किश्श्यांचंही तसंच! विहिरी खोदणाऱ्या आमच्या टोळीचा हा ढीग दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतला. विट्यापासून कवठे महांकाळपर्यंत आम्ही कुणाकुणाच्या विहिरींना पाणी काढून दिलं. कोरडी राहिली ती एकच. माझी!

माझी बायको साळू लांबच्या ओढ्यावरून घागर भरून आणायची. विहिरीच्या काठावर टेकायची, आत डोकावायची आणि म्हणायची, "आवं, जगाचं पानी काडता. माज्या डोईवरची घागर कवा उतरायची?"

*

जागा मीच धरली होती. तळहातावर नारळ आडवा ठेवून पाणी शोधत शेतात फिरलो. एका जागी नारळ ताडकन उभा राहिला, म्हणजे खाली पाणी!

चार पुरुष उंचीइतकं खोल गेलो, तरी धूळच. शेवटी वैतागून तोच नारळ फोडला. आत खडखडाट!

सुरुंगाचं काम बघणारा आमचा दौलू, पलटणीतून आलेला. तो म्हणाला, "गड्या, आदी नारळात पानी हाय का, ते तरी बगायचं व्हतंस!"

*

एकदा सुरुंगाला बत्ती दिली आणि "बार हाय रं!" असं ओरडत मी जो पळालो, तो थेट ओढ्यावर. बार काही उडाला नाही. फुसका निघाला.

साळू तिथंच पाणी भरत होती. मला धापा टाकताना बघून म्हणाली, "आलाच हायसा, तर ही घागर घिऊन चला!"

*

पुण्याचे एक साहेब दगड तपासत हिंडायचे. एकदा त्यांनी आम्हाला समजावलं. हा काळा कातळ म्हणजे थंड झालेला आगीचा लोंढा. काळाचं नाव क्रिटेशस, त्यातला अगदी शेवटचा टप्पा. कोट्यवधी वर्षं झाली!

आपल्याकडं वडीलधाऱ्याला पाय लागला की नमस्कार करायचा. एवढा म्हातारा दगड! दुसऱ्या दिवशी विहिरीत पाय लागेल तिथं मी हात जोडत सुटलो. दुपारपर्यंत वीतभरसुद्धा खोदणं झालं नाही.

दौलू म्हणाला, "थोरल्याच्या पाया पडायचं, आन् मग त्याच्याच टकुऱ्यात घन घालायचा व्हय रं?"

*

पुढं तेच साहेब माझी विहीर बघायला आले. दोर धरून खाली उतरले आणि खालूनच ओरडले, "वा! वा!"

दोन काळ्या थरांच्या मधे लाल पट्टा होता. एका लोंढ्यावर माती धरली, वरून दुसरा लोंढा आला, माती भाजून निघाली, असं साहेब म्हणाले. "काय सुरेख विहीर आहे! पाणी असतं तर यातलं काही दिसलंच नसतं!"

माझी छाती फुगली. विहिरीला कुणी चांगलं म्हणायची ही पहिलीच खेप! मी साळूकडं बघितलं. ती नुकतीच ओढ्यावरून आली होती. डोईवरची घागर तिनं काठावर ठेवली.

ऊन चढलं. साहेब दुपारपर्यंत खालीच. मग हाक आली, "अहो, प्यायला पाणी मिळेल का?"

साळूनं घागरीतलं पाणी कळशीत ओतलं. कळशीला दोर बांधला आणि हळूहळू खाली सोडली. पाण्याच्या आशेनं बसवलेल्या नव्या कोऱ्या रहाटाचा पहिल्यांदाच आवाज झाला.

मग ती वाकून म्हणाली, "दमानं प्या, सायेब. हिरीत पयल्यांदाच पानी आलंया!"