डेटलेफ वुबेनचा एकच प्रश्न

डेटलेफ वुबेन बावीस वर्षं आमच्या रेंड्सबुर्गच्या नाटकघरात दिवे सांभाळायचा. मी रंगमंचावर गाणं चुकले, पण त्याचा झोत कधी चुकला नाही. पुढे नाटकघराने माणसं कमी केली आणि हा अबोल माणूस पन्नाशीला टेकल्यावर विमा विकू लागला. गिऱ्हाइकं कोण? आम्हीच. कपडेपटातली मार्गारेठे, त्याचे दोन मेहुणे, नेमबाजी मंडळ आणि मी. मी अंत्यविधीचा विमा घेतला. जायचं तर थाटात.

तीन वर्षांनी ते काम सोडून तो शहरातली बस चालवू लागला. गेल्या मार्चमध्ये एका दुपारी माझ्या दारात उभा.

"बाई, एकच विचारायचंय. तुमचा विमा बंद पडण्याआधी कंपनीने काही कळवलं होतं का?"

"माझा विमा बंद पडला?"

मी बँक बदलली होती, हप्ते थांबले होते. मला पत्ताच नव्हता.

मग त्याने समजावलं. विमा विकला की कंपनी पाच वर्षांचं कमिशन आधीच हातात ठेवते. गिऱ्हाईक मध्येच गळालं तर उरलेलं परत मागते, नोकरी सोडून गेलेल्याकडूनही. माझ्यापायी त्याच्याकडे अकराशे चाळीस युरो मागितले होते. पण हप्ता थकल्यावर कंपनीने गिऱ्हाइकाला आठवण दिलीच नसेल, तर तो देणं लागत नाही, असं त्याच्या वकीलबाईंचं म्हणणं.

"दे कागद. लिहून देते, कुणी कळवलं नाही."

"नक्की?"

मी घसा साफ केला. "खिडकीवालं पाकीट मी उघडत नाही. त्यातून कधी चांगली बातमी आलेली नाही."

"मग कुठे जातात ती?"

"टोपीच्या पेटीत."

मी पेटी काढली, पण झाकणावर हात ठेवला. "बंदच राहू दे ना. कोणाला कळणारे?"

"उद्या न्यायाधीशाने विचारलं तर खोटं तुम्हाला बोलावं लागेल. आणि तुम्हाला रंगमंचावरसुद्धा खोटं रडता यायचं नाही."

"तुला मागून काय दिसायचं?"

"उजेड मीच टाकायचो, बाई."

तो चीजच्या सुरीने पाकिटं फोडू लागला. कंपनीच्या पाकिटावर हिरवा बगळा असे. पहिल्या बगळ्यातून नव्या वर्षाच्या शुभेच्छा निघाल्या. दुसऱ्यातून बागकामाचं मासिक. तिसरं त्याने उलटसुलट केलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

"तुम्हीच वाचा."

करार रद्द झाल्याचं पत्र होतं, दोन सप्टेंबरचं. म्हणजे आठवण दिली असेल तर त्याआधीची, पेटीत अजून खाली. आम्ही तळापर्यंत गेलो. विजेची बिलं, चर्चची वर्गणी, दातांचा डॉक्टर. बगळा पुन्हा दिसला नाही.

डेटलेफ इतका वेळ उभाच होता. आता बसला आणि त्याने चहा मागितला.

"दातांच्या डॉक्टरने मात्र दोनदा आठवण दिलीय," तो म्हणाला. "तेवढे भरून टाका."

मी जबानी लिहिली. त्याने वाचली. "बाई, 'निर्दय' काढा. आणि 'माझ्या कापऱ्या हातांनी' पण."

मी दुसऱ्या कागदावर सरळ चार ओळी लिहिल्या आणि सही केली.

आता मार्गारेठे उरली होती. तिचे नऊशे युरो. तिने कंटाळून हप्ते थांबवले होते, आणि ती प्रत्येक पत्र उघडते, तारीखवार फायलीत लावते. "आठवणीचं पत्र आलं असेल, तर तिच्याकडे सापडणारच," डेटलेफ म्हणाला.

मी कोट चढवला. तिच्या फायलीत काय निघतं, ते मला बघायचंच होतं.